शनिवारी मरणारे फोन

“पुन्हा मेलेत,” सुजाता फोनवर म्हणाली.

कोण मेलं, कुठे मेलं, हे विचारायची गरज नव्हती. शनिवारची सकाळ होती. मी खरवईच्या घरी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला, नवऱ्याला उरलेली कणीक दाखवली, लॅपटॉपची बॅग उचलली आणि अंबरनाथच्या रस्त्याला लागले.

सुजाता गायकवाड ही अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. मी उल्हासनगरातल्या एका छोट्या फर्मची टेलिफोन इंजिनिअर. तिच्या कंपनीत आम्ही बिनतारी फोन बसवले होते. आठवडाभर ते छान चालायचे. शनिवारी सकाळी मात्र सगळे एकदम मेलेले असायचे. एखाद-दुसरा नाही, सगळे. आणि मी धापा टाकत पोचेपर्यंत ते पुन्हा जिवंत झालेले असायचे. मग मी ऑफिसातल्या यंत्रांच्या रॅकसमोर उभी राहून चालू फोनकडे बघत बसायची. बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं. चालू यंत्राचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

त्या शनिवारीही तेच झालं. मी गेटमधून आत शिरले तर रिसेप्शनिस्ट हँडसेटवर गप्पा मारत होती. तिच्या मोबाइलवर आमच्या मनोहरभाईंचा फोन आला होता, त्यांनी सांगितलं म्हणून तिने रॅकमधला आमचा डबा बंद करून चालू केला, असं तिने मला अभिमानाने सांगितलं.

मनोहरभाई म्हणजे माझे बॉस. उल्हासनगरात त्यांचं दुकान आहे, वर आमचं ऑफिस. माणूस मनाने मोठा आहे. मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी मला न विचारता आठवडाभर सुट्टी दिली होती. पण कुठलंही यंत्र बिघडलं की त्यांच्याकडे एकच औषध. मी त्यांना फोन लावला आणि म्हटलं, मी पोचेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना?

“अरे बेटा, कस्टमर का फोन आया, तो मैंने बंद करके चालू करवा दिया,” ते म्हणाले. “चालू झालं ना? मग तू कशाला टेन्शन घेते?”

टेन्शन का, ते सांगायला हवं. त्यासाठी आधी ही भानगड काय असते ते थोडक्यात सांगते.

कंपनीभर भिंतींवर पांढऱ्या रंगाचे छोटे बेस लावलेले असतात. कामगाराच्या खिशातला हँडसेट जवळच्या बेसशी बोलतो. कोणता हँडसेट आता कुठल्या बेसपाशी आहे आणि चालता चालता माणूस पुढे गेला तर त्याचं बोलणं दुसऱ्या बेसकडे कसं सोपवायचं, हे सगळं ऑफिसातल्या रॅकमधला एक डबा बघतो. त्याचं कागदोपत्री नाव मॅनेजर आहे. पण त्या कंपनीत एक हाडामांसाचे मॅनेजर होते आणि ते फार लवकर चिडायचे, म्हणून आम्ही आपले डबा म्हणायचो. हा डबा बेसना नेटवर्कवर सापडला नाही तर बाकी सगळं धडधाकट असून उपयोग नाही. हँडसेट म्हणजे खिशातलं नुसतं वजन.

आता साध्या मोबाइलवर काम का भागवायचं नाही? कारण तिथे सॉल्व्हंटच्या टाक्या आहेत. सॉल्व्हंट म्हणजे रंग पातळ करायच्या थिनरच्या जातीचे द्रव. हवेत त्यांची वाफ असते आणि ती पेटायला एक ठिणगी पुरते. म्हणून टँकयार्डमध्ये मोबाइलला सक्त मनाई. आमचे हँडसेट तिथे वापरायच्या परवानगीचे, खास बंदिस्त बनावटीचे होते.

टँकयार्डचा ऑपरेटर एकनाथ भोईर. जवळच्याच गावचा, बोलायला मोकळा माणूस. आमचे फोन यायच्या आधी एकदा व्हॉल्व्ह उघडताना त्याच्या डोळ्यांत सॉल्व्हंट उडालं होतं. तो चाचपडत भिंतीवरच्या जुन्या फोनपर्यंत गेला. तो फोन गंजून केव्हाच बंद पडला होता. दुसऱ्या कामासाठी तिकडे गेलेल्या कुणाला तरी तो दिसला म्हणून डोळे वाचले. त्यानंतर सुजाता मालकांच्या मागे लागली. मालक म्हणजे किशोरशेठ. खर्चाला नाही म्हणणारा माणूस नव्हे, पण नव्या गोष्टीवर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही. तिने त्यांच्याशी महिनोन्‌महिने हुज्जत घालून हे फोन आणवले.

त्या शनिवारी चालू फोनकडे बघत मी उभी असताना सुजाताने मला बाजूला घेतलं. म्हणाली, पोरं बुटात मोबाइल लपवून यार्डात नेताहेत. तिने गेटवर तपासणी केली, काही पकडले. तर एकनाथने तिला सरळ विचारलं, “मॅडम, तुमचा फोन लागत नाय. मग परत डोल्यांत काय उडाला तर मी बोंबलू कसा?”

शनिवारची सकाळ म्हणजे तिथली सगळ्यात नाजूक वेळ. आमच्याकडच्या कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. शनिवारी बॉयलर पेटतो, टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडतात, सगळं थंड पडलेलं पुन्हा सुरू होतं. नेमके तेव्हाच आमचे फोन मेलेले, आणि टाक्यांच्या मधोमध माणसं बुटात मोबाइल घेऊन उभी.

त्या दिवशी मी घरी गेले नाही. आधी डब्याचा लॉग उघडला. लॉग म्हणजे डब्याने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद. पण हा डबा बंद केला की लॉग पुसला जातो. मला मिळाली ती मनोहरभाईंच्या औषधानंतरची निरोगी नोंद. सगळं ठीक, सगळं ठीक, सगळं ठीक. मग मी स्वतः डबा बंद करून चालू केला. फोन लागले. पुन्हा केला. लागले. वायर उपसून घातली, स्विचचं पोर्ट बदललं, बेस एकेक करून काढले. काही केल्या तो मरेना. शुक्रवारी इथे काय वेगळं होतं, असं मी भेटेल त्याला विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं की काहीच होत नाही, कंपनी बंद असते. इथे लाइट जाते का, असंही विचारलं. त्यावर इलेक्ट्रिशियन जवळजवळ दुखावला. म्हणाला, आमच्याकडे लाइट कधीच जात नाही.

मग मी शेजारच्या कंपनीवर संशय घेतला. तिथे वेल्डिंग चालतं. पण वेल्डिंग रोजच चालतं, आमच्या फोनला त्याचं वावडं फक्त शनिवारी कसं असेल? दमट हवेवर संशय घेतला. उंदरांवर घेतला. स्टोअरच्या माणसाने मला शनिवारी मारुतीला नारळ फोडायचा सल्ला दिला, आणि खोटं कशाला सांगू, मी घटकाभर विचारही केला. शेवटी मनोहरभाईंनी दुकानातून नवा कोरा डबा काढून दिला. मी त्यात तीच सेटिंग भरली, आठवडाभर तो उत्तम चालला आणि पुढच्या शनिवारी जुन्यासारखाच मेला. आता मला रडावं की हसावं कळेना. दोन डबे एकाच वारी एकाच रोगाने मरतात, असं आमच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही.

किशोरशेठनी निरोप पाठवला. आणखी एक शनिवार बघतो, नाहीतर हे सगळं उतरवून घेऊन जा. सुजाताला त्यांनी वेगळं सांगितलं असावं, कारण ती मला नीट काही सांगेना.

म्हणून पुढच्या शनिवारी मी ठरवलं की मरताना बघायचं. फोन यायची वाट न बघता मी आधीच जाऊन गेटवर उभी राहिले. कंपनी अजून उघडायची होती. सुजाता आली, मग शेठ आले. मनोहरभाईंना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की उद्या कस्टमरचा फोन उचलायचा नाही. ते नाराज झाले, पण कबूल झाले.

आत गेलो तर सगळीकडे अंधार. मी सवयीने बटण दाबलं. दिवा लागला नाही. रॅककडे गेले. डबा बंद, राउटर बंद, खालचा यूपीएससुद्धा बंद. लाइट कधीच जात नाही, असं मला सांगितलं होतं.

लाइट गेलेली नव्हतीच. शेठच्या वडिलांपासूनची रीत होती. आठवड्याचं काम संपलं की कंपनीचा मेन स्विच पाडायचा. सुट्टीच्या दिवशी आवारात कुठेही करंट ठेवायचा नाही. मागे कधीतरी यूपीएसची बॅटरी फुगली होती, तेव्हापासून तोही बंद. शनिवारी शेठ स्वतः पॅनेलला हळदकुंकू लावतात, उदबत्ती ओवाळतात, हात जोडतात आणि मेन चढवतात. त्याआधी कुणी काही चालू करत नाही. माझ्यापासून कुणी लपवलं नव्हतं. इतकी जुनी सवय कुणाला सांगावीशी वाटत नाही, एवढंच.

शेठनी मेन चढवला. ट्यूबलाइट लागल्या, पंखे फिरले, आणि रॅकमधलं सगळं एकाच क्षणी जागं झालं. मी डोळे लावून बसले. आमचा डबा चटकन तयार झाला, हिरवा दिवा. राउटर मात्र पिवळा दिवा मिचकावत बसला होता. तो जुना आणि जड होता, त्याला सगळं भरून उभं राहायला बराच वेळ लागायचा. तो हिरवा झाला तेव्हाही फोन मेलेलेच होते. मी डब्याला थेट लॅपटॉप जोडला आणि पाहिलं तर डबा भलत्याच पत्त्यावर बसलेला.

नेटवर्कवरच्या प्रत्येक वस्तूला पत्ता लागतो. तो एकतर आपण सेटिंगच्या पानावर कायमचा लिहून द्यायचा, नाहीतर वस्तूने स्वतः राउटरकडे मागायचा. राउटर हा लॉजच्या काउंटरवरच्या माणसासारखा. आमच्या डब्यासाठी त्याच्याकडे एक खोली राखून ठेवलेली होती. डबा येईल, किल्ली मागेल, तीच खोली घेईल, आणि बेस त्याला तिथे शोधतील. कंपनीचं नेटवर्क बघणारा ठाण्याचा कॉन्ट्रॅक्टर होता, त्याचीच अट होती तशी. पूर्वी कुणीतरी हाताने पत्ते लिहून दोन यंत्रांना एकच पत्ता दिला होता आणि अकाउंट्सचं काम ठप्प झालं होतं, म्हणून त्याने त्याचा धसका घेतला होता.

शनिवारी काय होत होतं, तर डबा काउंटरवर पोचायचा तेव्हा काउंटरवर माणूसच नसायचा. डबा थोडा थांबायचा आणि मग कारखान्यातून मिळालेला आपला मूळ पत्ता लावून स्वस्थ बसायचा. नंतर राउटर किल्ली हातात घेऊन उभा राहायचा, पण डबा पुन्हा विचारायला जायचा नाही. बेस बिचारे रिकाम्या खोलीचं दार वाजवत राहायचे. आणि डबा बंद करून चालू केला की तोपर्यंत राउटर जागा झालेला असायचा, म्हणून सगळं सुरळीत. माझ्या सगळ्या चाचण्याही राउटर जागा असतानाच्या. मला हसू आलं आणि त्याच वेळी असा राग आला की तो डबा उचलून वालधुनी नदीत टाकावा.

मी ठाण्याच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. तो झोपेतून उठलेला, हाताने पत्ता लिहायला तयार होईना. मी त्याला टँकयार्डात काय चाललंय ते सांगितलं. मग त्याने राउटर कुणालाच वाटत नाही असा एक पत्ता काढून दिला. मी डब्याच्या पानावर तो लिहिला, बाकीच्या रकान्यांत नेटवर्कची हद्द आणि राउटरचा पत्ता भरला, आणि सेव्ह दाबलं. पान गायब. मागे उभ्या असलेल्या शेठनी विचारलं की आता काय बिघडवलं. मी म्हटलं, बिघडलं नाही, डबा नव्या घरी गेला आणि मी जुन्या दारात उभी आहे. नवा पत्ता टाकला, पान उघडलं. डबा पुन्हा रॅकला जोडला, बेसनाही त्याला नव्या पत्त्यावर शोधायला सांगितलं, बेसचे दिवे लागले. आतले फोन लागले, बाहेर लागेनात. परत सगळे रकाने तपासले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की डीएनएसचा रकाना रिकामा आहे. बाहेरच्या एक्स्चेंजचं नाव दिलं की त्याचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारा तो. आधी तो राउटरच गुपचूप सांगायचा, आता मला लिहायला हवा होता. लिहिला. बाहेरही लागलं.

“झालं ना मग,” शेठ म्हणाले.

मी नाही म्हटलं. आत्ता चालू आहे ते दर शनिवारी दुपारी असतं तसंच चालू आहे. मेन पाडून पुन्हा चढवल्याशिवाय मला काहीच सांगता येणार नाही. शेठचा चेहरा बदलला. पूजा करून चढवलेला मेन लगेच पाडायचा, हे त्यांना पटेना. बॉयलरवालाही थांबला होता. पुढच्या शनिवारी कळेलच की, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. सुजाताने काही बोलायला तोंड उघडलं, त्यांनी हातानेच थांबवलं. त्यांना टाकीच्या व्हॉल्व्हचं काहीतरी विचारायचं होतं. खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि एकनाथला लावला. टेबलावर आमचे हँडसेट चालू पडलेले होते, पण हात सवयीने खिशात गेला.

एकनाथने उचलला. शेठनी व्हॉल्व्हचं विचारलं, त्याने सांगितलं.

“शेठ,” सुजाता हळू म्हणाली, “तो आत्ता कुठे उभाय, तेवढं विचारा.”

शेठनी विचारलं. ऐकलं. मोबाइल कानावरून काढून टेबलावर ठेवला.

“टाकीवर आहे,” ते म्हणाले.

“दर शनिवारी तो तिथूनच उचलतो,” सुजाता म्हणाली.

शेठनी बॉयलरवाल्याला निरोप पाठवला, पॅनेलपाशी गेले, हात जोडले आणि मेन पाडला. पंखे थांबले. थोडा वेळ थांबून त्यांनी नवी उदबत्ती लावली, पुन्हा ओवाळली आणि मेन चढवला.

डबा हिरवा झाला. राउटर पिवळाच. बेसचे दिवे लाल, कारण ते आपले पत्ते अजून राउटरकडेच मागत होते; फक्त डब्यासारखे एकदा विचारून गप्प बसत नव्हते. मी आयुष्यात एवढी वाट कशाचीच बघितली नसेल. राउटर हिरवा झाला तरी बेस लालच. माझ्या मनात आलं की आपल्याला काहीच कळलेलं नाही, आता सुजाताची नोकरी जाणार आणि माझी अब्रू. आणि मग दारावरच्या बेसचा दिवा हिरवा झाला. मग जिन्यावरचा. मग यार्डाकडचा.

शेठनी हँडसेट उचलला आणि एकनाथचा नंबर दाबला. लांबून, टाक्यांच्या बाजूने, घंटी ऐकू आली.

“एकनाथ, बुटातला मोबाइल गेटवर ठेवून ये,” शेठ म्हणाले. “ओरडत नाहीये मी.”

काम झालं म्हणून मी खूश होऊन परतले. पण सुजाताने नंतर सांगितलं की पुढच्या शनिवारी फोन नीट लागले आणि तरीही एकनाथच्या बुटात मोबाइल होताच. त्याच्या पुढच्या शनिवारीही. ती रागावली नाही. दर शनिवारी मेन चढला की ती स्वतः पहिला फोन एकनाथच्या हँडसेटवर लावायची, काय रे, ठीक ना, एवढंच विचारायची आणि ठेवायची.

बऱ्याच दिवसांनी एका शनिवारी सकाळी तिचं नाव माझ्या मोबाइलवर आलं आणि मी लॅपटॉपची बॅग उचलूनच फोन घेतला. ती हसत होती. एकनाथची बायको ऑफिसच्या नंबरवर फोन करून रिसेप्शनिस्टशी भांडली होती. नवरा केव्हापासून मोबाइल उचलत नाही, तिला कपाटाची चावी सापडत नाही. रिसेप्शनिस्टने तो फोन यार्डात एकनाथच्या हँडसेटवर जोडून दिला. चावी देवघराच्या खणात होती.

“त्याचा मोबाइल गेटवर होता, ताई,” सुजाता म्हणाली. “त्याने स्वतःहून ठेवलेला.”

डब्याला नवा पत्ता द्यायला दहा मिनिटं पुरतात. फोन लागणार यावर माणसाचा विश्वास बसायला बरेच शनिवार जातात. हल्ली मी ते शनिवार कोटेशनमध्ये धरते.